वाचता येईल अशी सही

वत्सला मावशी, मागच्या महिन्यात तुझ्या शोकसभेत तो मॅनेजर माईक हातात घेऊन म्हणाला, "वत्सला सिस्टर आमच्या आश्रमात चार वर्षं राहिल्या, पण कधी एका शब्दानं तक्रार केली नाही." लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, हातात कागदी कपातला चहा होता, आणि खरं सांगतो, तो घोट मला गिळवेना. शिसारी आली. त्या माणसाची आली, त्याच्या चहाची आली, माना हलवणाऱ्यांची आली. सगळ्यात जास्त माझीच आली. कारण तुझी तक्रार नाही असा तुझ्या सहीचा कागद त्याच्या कपाटात आहे आणि त्या कागदाच्या जिवावर 'प्रकरण निकाली' असा शेरा मारणारा हात माझा आहे.

वर तुझ्या फोटोला कुंकू लावलेलं. आयुष्यभर जय भीम म्हणत दार उघडणारी तू, पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जाणारी तू, आणि फोटोच्या काचेवर हा एवढा लालभडक टिळा! कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. तिथं मेलेल्या सगळ्यांना एकच हार, एकच टिळा, एकच भाषण. मी उठलो आणि रुमालानं काच पुसली. मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, शुभ असते." मी रुमाल खिशात घातला आणि जागेवर जाऊन बसलो. त्याला काही सुनावायची हिंमत तेव्हा नव्हती.

हे तुला सांगायला बसलो आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं. ते माझ्या बाजूनं तरी पुरं करतो. तू ऐकून घे, मध्ये बोलता येणार नाही तुला, हे पहिल्यांदाच होतंय.

मूर्तिजापूरच्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये आपली भिंतीला भिंत. बाबा कंपाउंडर, तू नर्स. आईनं तुला बहीण मानलं, म्हणून तू माझी मावशी. मी शाळेतून आलो की तुझ्याच टेबलाच्या एका कोपऱ्यावर अभ्यास करायचो आणि दुसऱ्या कोपऱ्यावर तू ड्युटीचं रजिस्टर लिहायचीस. चौथीत मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच ठोकली होती. गणितात दिवे लावले होते ना. बाबांना कळलं नाही, आईला कळलं नाही. तू एका नजरेत ओळखलंस आणि माझा कान असा पिळलास की अजून त्या बाजूला कमी ऐकू येतं, असं मी तुला चिडवायचो.

"सही म्हंजे काय रे, गजू?" तू म्हणालीस. "सही म्हंजे, हे म्या पायलं, हे म्या केलं. न देल्लेल्या इंजेक्शनापुढं म्या सही केली त तो मानूस मरते, समजलं? अन् सही अशी कर का वाचता आली पायजे. उद्या कोनी इचारलं हे कोनं केलं, त सापडला पायजे तू."

आणि चूक झाली तर? तेही तू शिकवलंस. रजिस्टरमध्ये खोडरबर चालत नाही, गिरवागिरवी चालत नाही. चुकलेल्या ओळीवर सरळ एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली बरोबर नोंद लिहायची आणि सही करायची. चूक लपवायची नाही, चूक दिसली पाहिजे. मी तेव्हा मान डोलावली होती. पुढं मी अमरावतीला समाजकल्याणच्या विभागीय कार्यालयात चिकटलो, तक्रार शाखेत बसलो, दिवसाला शंभर कागदांवर सह्या करू लागलो आणि माझ्या सहीची नुसती वळवळ झाली. ती कोणाला वाचता येत नाही. मलाही नाही.

तू रिटायर झालीस, गुडघे गेले, लग्न केलं नव्हतंस, भाचे बोलावत होते तर "कोनाच्या चुलीजवळ बसून जागा अडवू?" म्हणालीस आणि अकोल्याबाहेरचा तो वृद्धाश्रम स्वतः पाहून स्वतः निवडलास. रंगवलेली भिंत, दारात तुळस, मोठ्या अक्षरात बोर्ड. मीही सोबत होतो. मला वाटलं, बरं झालं, नर्स आहे, तिला तिथं मान मिळेल. तिथली तक्रारपेटीही मला आवडली होती बघ. छान हिरवी, कुलूप लावलेली. मग एका रविवारी मॅनेजरनं माझ्यासमोर ती उघडली आणि आतून उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी काढली. मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस.

तुझ्या खोलीत दुसऱ्या पलंगावर कांताबाई. शेंदूरजनाघाटकडच्या, संत्र्याच्या बागेच्या घरातल्या. लकवा मारलेला, वाचा गेलेली, फक्त डोळे जागे. पुतणे बहारात एकदा संत्र्याची पेटी पाठवायचे आणि आपलं कर्तव्य झालं म्हणायचे. ती संत्री मॅनेजरच्या टेबलावर काचेच्या भांड्यात सजायची. येणाऱ्या पाहुण्याला तो स्वतः सोलून द्यायचा. मीही खाल्लं आहे, मावशी. गोड होतं.

कांताबाईला कूस बदलता येत नव्हती. तू पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलंस: दोनला उजवी, चारला डावी, सहाला तिरपी. दर दोन तासांनी. स्वतःचे गुडघे वाजत असताना तू उठायचीस, खालच्या मजल्यावरच्या एकुलत्या एका आयाला, प्रमिलाला हाक मारायचीस आणि दोघी मिळून तिला वळवायचात. मी एकदा म्हटलं, "मावशी, तू इथं राहायला आलीस का ड्युटीवर?" तर तू म्हणालीस, "तिची पाठ लागली त वास मलेच येईल ना बापा." अशी तुझी माया, तिला गोड बोलणं माहीतच नव्हतं.

आणि एवढं करून पाठ लागलीच, पडून पडून जखम झाली. चादर चार-चार दिवस बदलत नव्हते. ओली तशीच. हवेची गादी होती, कोण्या देणगीदारानं दिलेली, पंपासकट. ती मॅनेजरच्या ऑफिसात प्लास्टिकच्या पिशवीत उभी करून ठेवलेली, देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी बाहेर दिसेल अशी. तू मागितलीस तर म्हणाला, "वापरली त खराब होईल ना सिस्टर." गादी वापरली तर खराब होईल! हे वाक्य मी ऑफिसात चार जणांना सांगितलं आणि चौघेही हसले. नंतर आम्ही चहा मागवला.

मग तू अर्ज लिहिलास. मीच म्हटलं होतं, लिही, मी आहे ना वर. तुझं ते गोल, टपोरं अक्षर. अर्जात एक शब्द फालतू नाही. जखम कुठं, केवढी, कधीपासून, चादर कोणत्या दिवशी बदलली, गादी कुठं ठेवली आहे. आणि एक वाक्य मला पाठ झालं आहे: 'यांना येथे बेड नंबर सहा म्हणतात, त्यांचे नाव कांताबाई आहे.' वाचून मला अभिमान वाटला. आपली मावशी, म्हटलं. मी तो अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

आता माझी करणी ऐक. तुला अर्धी माहीत आहे, अर्धी मी कधी सांगितली नाही. आमच्याकडं पद्धत अशी की विभागातून अर्ज जिल्ह्याला जातो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. जिल्ह्यातून तो जातो संस्थेला, 'खुलासा सादर करण्यासाठी'. म्हणजे ज्याच्याविरुद्ध ओरड, त्यालाच विचारायचं, का रे बाबा, तू वाईट आहेस काय? तो लिहितो, नाही. झाला खुलासा. चोराच्याच हाती पंचनाम्याचा कागद द्यायचा आणि म्हणायचं, नीट लिही. बावीस वर्षं मी हेच करत आलो आणि संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवत आलो.

तुझ्या बाबतीत मी त्याहून पुढं गेलो. प्रत जोडली असती तर तुझं नाव झाकता आलं असतं. पण आम्हा कारकुनांचा एक समज असतो, मूळ अर्ज जोडला की खालचं ऑफिस दाबून ठेवू शकत नाही, कागदाला वजन येतं. मी तुझ्या कामाची घाई केली, मावशी. हौसेनं, स्वतःच्या हातानं टाचणी टोचून, तुझा मूळ अर्ज, तुझ्या नावासकट, तुझ्या अक्षरासकट पाठवून दिला. खाली लिहिलं: सोबत मूळ तक्रार अर्ज जोडला आहे.

दहा-बारा दिवसांनी तुझा फोन आला. आवाज बारीक. "काहून रे गजू, माझं अक्षर त्या मानसाच्या टेबलावर कसं आलं?" त्यानं तुझा अर्ज टेबलाच्या काचेखाली घातला होता, संत्र्याच्या भांड्याशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, पाहा, आपण म्हाताऱ्यांचं एवढं करतो अन् ही बाई पाहा. मी काय उत्तर दिलं ते आठवतं तुला? मी म्हटलं, "मावशी, पद्धत आहे ती." पद्धत आहे! जीभ झडली कशी नाही माझी.

त्याच आठवड्यात तुला वरच्या मजल्यावर हलवलं. "सिस्टरले शांतता पायजे," म्हणे. गुडघे गेलेल्या बाईला जिन्यावरची खोली, आणि जिन्याला लोखंडी दार, पडाल म्हणून कुलूप. वरून तुला खालच्या खोलीची खिडकी दिसायची. तू कठड्याशी उभी राहून दोन वाजले, चार वाजले की प्रमिलाला हाका मारायचीस. प्रमिला एकटी. अख्खा खालचा मजला तिच्या अंगावर. ती कधी यायची, कधी नाही.

मग तपासणी झाली. जिल्ह्याचे साहेब निघाले आणि मीही विभागातून मुद्दाम सोबत गेलो, तुझ्यासाठी. गेलो आणि काय केलं? त्या दिवशी सगळ्या पलंगांवर इस्त्रीच्या चादरी. आवाराला सडा. कुठून तरी दोन गडी आणलेले. कांताबाई हवेच्या गादीवर झोपलेली, केस विंचरलेले, आणि गादीवर ती चिठ्ठी तशीच. साहेबांनी दारातूनच विचारलं, "काय आजी, काही तकलीफ?" जिला वाचा नाही तिला विचारलं. ती बोलली नाही. साहेब म्हणाले, "समाधानी दिसतात." मी मागं उभा होतो, मावशी. मी म्हणालो नाही की साहेब, त्यांना बोलता येत नाही. साहेबाचं वाक्य मध्ये तोडायचं नसतं.

आणि मग पंगत. रोडगे, वांग्याची भाजी, घट्ट वरण, वरून तुपाची धार. आपल्या वऱ्हाडात ताटाला नाही म्हणत नाहीत, पाहुण्यानं नाही म्हटलं की यजमानाचा अपमान. हे संस्कार बरोबर तिथंच आठवतात! मी दोन रोडगे खाल्ले, तिसऱ्याला नको-नको म्हणत तोही चुरला. ती चूल तुझ्या खिडकीच्या खाली होती. रोडगे भाजल्याचा वास तुला वर आला असणार. तुमच्या ताटात त्या दिवशीही पिवळं पाणी आणि दोन पोळ्या होत्या, हे मला प्रमिलानं नंतर सांगितलं. साहेबांना पाचची गाडी होती, म्हणून वर यायला वेळ झाला नाही. तू वाट पाहत बसली होतीस म्हणे, पातळ बदलून, कागद हातात घेऊन. त्या जेवणाची आठवण आली की आता माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

महिन्याभरात खुलासा आला. सोबत तुझं निवेदन, टाइप केलेलं: 'माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. पूर्वीचा अर्ज गैरसमजातून केला होता.' खाली सही. वत्सला नामदेव तायडे. टपोरी, गोल, प्रत्येक अक्षर वाचता येणारी. मी ती सही कितीतरी वेळ पाहिली. खोटी असती तर बरं झालं असतं. पण तुझीच होती.

मला राग आला, मावशी. भयंकर राग आला. मी तुझ्यासाठी एवढी धडपड केली आणि तू पलटलीस, असं वाटलं. धडपड! एक टाचणी टोचली होती फक्त. त्याच रागात मी 'निकाली' लिहिलं, वळवळ केली आणि रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला आलो, तुला जाब विचारायला. तू खाली होतीस, पुन्हा कांताबाईच्या खोलीत. हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं बघ. तू खाली होतीस. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मी म्हटलं, "चौथीत माझा कान पिळला होता ना? आता तुझा कोण पिळणार? न दिलेल्या इंजेक्शनापुढं सही केलीस तू!"

तू कांताबाईच्या गुडघ्यांत उशी ठेवत होतीस. वर पाहिलंसुद्धा नाहीस. "चहा घे," म्हणालीस.

"चहा नको. उत्तर दे."

"चार वाजले, गजू. जरा हात लाव इकडून."

मी हात लावला नाही. ताडताड निघून आलो. दोन महिने फोन केला नाही, दोनदा तुझा आला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा आश्रमाच्या नंबरावरून आला तेव्हा उचलला. सकाळी अंघोळीला गेलीस आणि बाहेर आलीच नाहीस, असं सांगितलं त्यांनी.

शोकसभेपर्यंत मला एवढंच माहीत होतं. सभा संपल्यावर मी मागं नळावर हात धुवायला गेलो, चहाचा चिकटपणा जात नव्हता. तिथं प्रमिला आली. इकडंतिकडं पाहून तिनं पदराखालून कापडी पिशवी काढली. "भाऊ, सिस्टरनं सांगतलं होतं, गजूच्याच हातात दे. मॅनेजर सरानं सिस्टरचं कपाट उघडलं त्याच्या आंधी म्या काढून ठेवली."

मी विचारलं, "प्रमिला, मावशीनं ती सही काहून केली गं?"

ती माझ्याकडं अशी पाहू लागली की मी वेडा आहे. "तुमाले नाही सांगतलं? अवं माय! कांताबाईच्या पाठीले आंधी शिक्क्याएवढं होतं, सिस्टर वर गेल्यावर मुठीएवढं झालं. सरानं म्हटलं, सही करा, खालची खोली देतो. सिस्टर म्हने आंधी खोली दे. सर म्हने आंधी सही. मंग केली. त्याच दिवशी खाली आल्या अन् पयले कूस बदलली तिची. डोये पुसायलेबी थांबल्या नाही."

मी नळ बंद करायचं विसरलो. पाणी वाहत राहिलं.

म्हणजे तू आपली सही विकलीस. जी सही चाळीस वर्षं कोणा डॉक्टरच्या धाकानं इकडची तिकडं झाली नाही, ती तू एका परक्या बाईच्या पाठीसाठी त्या माणसाच्या टेबलावर ठेवलीस. आणि मी, तुझा गजू, उपाशी नाही, आजारी नाही, नोकरी पक्की, मी तुला शिकवायला आलो होतो की सही म्हणजे काय. मावशी, मला माझी किळस येते. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. दाढी करताना आरशात पाहवत नाही.

पिशवीत तुझी कात्री होती, थर्मामीटर होतं आणि घडी घातलेला एक कागद. त्यावर तू ते टाइप केलेलं निवेदन अक्षर न् अक्षर हातानं उतरवलं होतंस. त्यावर एक रेघ. सरळ, एकच, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली: 'वरील मजकूर खरा नाही. कांताबाईजवळ राहता यावे म्हणून त्यावर सही केली. खरी नोंद पुढीलप्रमाणे.' आणि मग सगळं, जखमेचं माप, चादरीचे दिवस, कुलूप, गादी. खाली सही. तारखेची जागा मोकळी.

"तारीख कांताबाई गेल्यावर टाकीन म्हने," प्रमिला म्हणाली. "तवा कोनी तिले काही करू शकनार नाही."

किती माणसं तू जाताना पाहिलीस, मावशी! कोणाला किती दिवस उरलेत हे डॉक्टरच्या आधी तुला कळायचं. तुझा एवढा एकच अंदाज चुकला. कांताबाई आहे अजून, आणि तू गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन ऑफिसात गेलो. शेजारच्या टेबलावर राऊत बसतो, आता तक्रारी तो पाहतो. त्यानं वाचला, चष्मा काढला. "गजाननराव, तक्रारदार मयत हाय ना? मयत तक्रारदाराचं प्रकरण आपन चालवत नाही. तुमीच त टिप्पनी लिहिली होती मागं, साहेबानं मंजूर केली." फाइल काढून दाखवली त्यानं. खरंच माझी होती. 'तक्रारदार मयत असल्याने तक्रारीचे कारण संपुष्टात आले असून प्रकरण बंद करण्यात यावे.' किती सुबक वाक्य आहे बघ. ज्या तक्रारीचं म्हातारपण हेच कारण, ती माणूस मेल्यावर बंद. नुसतं थांबायचं, की काम आपोआप कमी होतं. मी हे सुचवलं तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

म्हणून मी अर्ज केला, स्वतःच्या नावानं. तुझा कागद प्रत करून जोडला. मूळ माझ्याकडं. दहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन. "भाऊ, तुमचा अर्ज आला आमच्याकडं. या ना, बसून बोलू."

गेलो. साडेतीन वाजले होते. टेबलाच्या काचेखाली आता माझा अर्ज होता. त्यानं संत्रं सोलायला घेतलं, मी नको म्हटलं, तरी सोललं. मग ड्रॉवरमधून कागद काढला, टाइप केलेला. तोच मजकूर, 'गैरसमजातून'सुद्धा तसाच, फक्त नाव माझं. त्यांना नवीन वाक्यसुद्धा लागत नाही. तो म्हणाला, "कांताबाईची तुमाले एवढी काळजी हाय ना? मंग सही करा, गादी आत्ता फुगवतो, तुमच्या डोयासमोर. नाही केली त मले बी नियमानंच चालावं लागन. भेटायचा दिवस रविवार, बाहेरच्या मानसाले खोलीत मनाई."

मी घड्याळाकडं पाहत बसलो. आतून काही आवाज येत नव्हता. कांताबाईचा आवाज यायचा तरी कसा? साडेतीनचे पावणेचार झाले. त्या खुर्चीत तू बसली होतीस, मावशी. त्याच खुर्चीत. आणि तुला बाहेर जायला दारही नव्हतं.

मी पेन काढलं आणि वळवळ केली. माझी ऑफिसातली, कोणाला न वाचता येणारी. तो खूश झाला. संत्र्याची फोड पुढं केली.

गादी फुगायला दहा मिनिटं लागली. पंप गुरगुरत होता. प्रमिलानं आणि मी कांताबाईला उचललं. जखम मी पाहिली. तुझ्या अर्जात माप वाचलं होतं, माप वाचणं आणि वास नाकात जाणं यात फार फरक आहे. या वेळी तोंड फिरवलं नाही. प्रमिलानं दाखवलं, गुडघ्यांत उशी कशी ठेवायची, खांदा कुठं धरायचा. "सिस्टरनं शिकोलं," म्हणाली. चार वाजले होते. डावी कूस. त्या दिवशी तू म्हणाली होतीस, जरा हात लाव इकडून. लावला, मावशी. अडीच महिने उशिरा लावला.

कांताबाई माझ्याकडं पाहत होती. ती दारामागंही पाहत होती, कोणी यायचं राहिलं असल्यासारखी. तिला तुझं कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिला पुसता येत नव्हतं, म्हणून मी त्याच रुमालानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा दुसरा अर्ज आवक झाला. संध्याकाळपर्यंत मॅनेजरला खबर लागली. फोनवर आई-बहीण काढली त्यानं. गादी काढून घेतो म्हणाला. त्यानंतर प्रमिलाचा फोन, हसत होती का रडत होती कळेना. "भाऊ, सर म्हने, काढ तिले गादीवरून. म्या म्हटलं, एकटीनं कशी उचलू? मानूस द्या सोबतीले. आता मानूस कुठून आनते तो? मानूसच त ठेवला नाही कधी! स्वतः हात लावन त वास येते त्याले." म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार होती, तिच्याच कृपेनं गादी आज टिकली आहे. उद्याचं माहीत नाही. तपासणीसारखे दोन गडी आणले तर जाईल. प्रमिलाचं कामही जाईल कदाचित, ते तिलाही माहीत आहे. मी रजा टाकली आहे. रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभा राहतो. आत सोडत नाहीत. चार वाजता प्रमिला खिडकीत येते आणि डावा हात वर करते.

आता त्या दुसऱ्या अर्जाचं सांगतो आणि थांबतो. त्यात नवीन काही लिहिलं नाही. त्याच्या त्या निवेदनाची, सही करताना मागून आणलेली प्रत घेतली, फूटपट्टी ठेवली आणि मजकुरावर एक रेघ मारली. सरळ, एकच, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली लिहिलं: वरील मजकूर खरा नाही. माझी तक्रार आहे. मग सहीसाठी पेन टेकवलं. बावीस वर्षांत मोडलेली सवय हाताला आठवेना. चौथीतल्या पोरासारखं एकेक अक्षर सुटं काढत मी सही केली. पूर्ण नावाची. राऊतनं ती मोठ्यानं वाचली, आणि एकदाही अडखळला नाही.